चारशे सतरा नंबरच्या दोन मेंढ्या

१

चारशे सतरा नंबरची मेंढी सोमवारी बाजाराच्या फाटकात कोसळून मेली. आणि गुरुवारी सकाळी तीच चारशे सतरा नंबरची मेंढी मावशींच्या मेंढवाड्यात उभी राहून निवांत रवंथ करत होती.

मधल्या तीन दिवसांत बरंच काही होऊन गेलं होतं. मेलेल्या मेंढीच्या मेंदूत तो रोग सापडला होता, ज्याचं नाव निघालं की पशुधन ऑफिसातले लोक आवाज खाली आणतात. धड जाळून झालं होतं. मुंडकं तेवढं, दोन्ही कानांतल्या बिल्ल्यांसकट, कोल्डरूममध्ये ठेवलं होतं. आणि नियमाप्रमाणे हुकूम निघाला होता: ज्या कळपातली मेंढी, तो कळप मुळापासून संपवायचा. रजिस्टरला चारशे सतरा मावशींच्या नावावर, म्हणजे त्यांच्या शहाऐंशी मेंढ्या. शनिवारी सकाळी दहा वाजता.

त्या शहाऐंशी मेंढ्यांची यादी करायचं काम आलं भिंगवाल्या बाईंकडे. बाई ऑफिसात तपासनीस होत्या. वय एक्कावन्न, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि टेबल जिन्याखाली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका खोट्या दाखल्यावर सही करायला नकार दिला होता, तेव्हापासून टेबल जिन्याखाली. वरून कोण चढतंय, कोण उतरतंय ते पावलांवरून त्यांना कळायचं.

"यादी करा, नोटिशीवर सही घ्या आणि या," साहेब म्हणाले. "डोकं चालवायचं काम नाही."

"आणि ती दुसरी चारशे सतरा? मावशी फोनवर म्हणतात, ती जिवंत आहे."

साहेबांनी फाइलमधला एक कागद पुढे सरकवला. "हा घ्या. गेल्या वर्षीचा दुबार बिल्ल्यांचा अर्ज. बिल्ले हरवले म्हणून तुमच्या त्या मावशींनी त्याच नंबरचे नवे मागवले. हरवले कुठले? आजारी मेंढीच्या कानात जुने होतेच. नवे दुसरीला मारले, आजारी बाजारात ढकलली. झालं, संपली गोष्ट."

कोकराला सहा महिन्यांच्या आत दोन्ही कानांत एकाच नंबरचे बिल्ले मारायचे, हा नियम. एकदा बसलेला बिल्ला उघडत नाही, कापावा लागतो. पडला, हरवला, तर अर्ज करून तोच नंबर पुन्हा मागवायचा. त्यामुळे साहेब म्हणत होते ते घडणं अशक्य नव्हतं.

बाईंनी अर्जावर भिंग धरलं. खाली जांभळ्या शाईचा अंगठा होता.

"शेजारी साक्षीदाराची सही नाही, साहेब."

"अहो, मेंढपाळीण आहे ती. अंगठाच उठवणार. त्याला साक्षीदार कशाला?"

बाईंनी कागद फाइलमध्ये ठेवला. पण तो अंगठा काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

२

मावशींचा मेंढवाडा गावाबाहेर, उतारावर होता. कुंपणाच्या फाटकात मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. साठीच्या, काटक, उन्हाने रापलेल्या, साऱ्या गावाच्या मावशी.

"यादी करायला आलात?"

"हो."

"करा. मेंढ्या पळून जात नाहीत. मीही नाही."

बाई एकेका मेंढीचा कान धरून नंबर लिहू लागल्या. मावशी प्रत्येकीला नाव घेऊन बोलवत होत्या, आणि ती येत होती. चारशे सतराची पाळी आली तेव्हा मावशींनी हाक मारली, "तिरके!" एक मेंढी मान वाकडी करून पुढे आली. लहानपणी आजारी पडल्यापासून ती सगळ्या जगाकडे तिरकंच बघायची.

बाईंनी तिचा ओठ वर केला. मेंढीला वर्षाकाठी पुढच्या मोठ्या दातांची एक जोडी येते. चार जोड्या पूर्ण झाल्या की तोंड भरलं. तिरकीचे आठही दात होते, कडेला थोडे झिजलेले. म्हणजे पाचेक वर्षांची. रजिस्टरला चारशे सतराचा जन्म बरोबर पाच वर्षांपूर्वीचा होता.

कानातले बिल्ले गव्हाणीला घासून खरवडले होते, आकड्यांतला काळा रंग निम्मा उडाला होता. गेल्या वर्षी मारलेला बिल्ला असा दिसत नाही.

"मावशी, तुम्ही दुबार बिल्ले मागवले होते?"

"कशाला? माझ्या मेंढीचे बिल्ले तिच्या कानात आहेत की."

बाईंनी नोटीस पुढे केली. "कळप नष्ट करण्यास संमती" असं वर छापलेलं, खाली मोकळी जागा. बाईंनी पिशवीतून शाईचा पॅडही काढला.

मावशींनी त्या पॅडकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हे काय?"

"अंगठ्यासाठी..."

"पेन नाही का तुमच्या ऑफिसात?"

बाईंनी खिशातलं पेन दिलं. मावशींनी नोटीस कुंपणाच्या फळीवर ठेवली, चष्मा नाकावर ओढला आणि ठळक, गोल अक्षरांत लिहिलं: "मला मान्य नाही. माझी चारशे सतरा जिवंत आहे. कोणी मेंढवाड्यात पाऊल टाकलं तर आधी माझ्याशी गाठ आहे."

आणि खाली दणदणीत सही ठोकली. पूर्ण नावाची, शेवटी रेघ ओढून.

३

"चाळिशीत शिकले," मावशी चहा गाळत म्हणाल्या. "लेक शाळेत जायला लागली, तिच्याच पाटीवर. आता ती लग्न होऊन गेली, पाटी राहिली माझ्याकडे." त्यांनी एक जाडजूड वही काढून दिली. कुठली मेंढी कधी व्यायली, कोकरू कुठल्या रंगाचं, सगळं त्या गोल अक्षरात. "एकदा सही यायला लागली ना बाई, तेव्हापासून कुठ्ठे अंगठा उठवला नाही. बँकेत नाही, दलालाकडे नाही, तुमच्या ऑफिसातल्या गुरांच्या डॉक्टरांच्या लसीच्या वहीतही नाही."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. म्हणजे अर्ज खोटा होता. आणि ज्याने केला, त्याला मावशी सही करतात हे एकतर माहीत नव्हतं, किंवा माहीत असून चालणार होतं.

"तुमचं वाईट व्हावं असं कुणाला वाटेल?"

"तो बघा, येतोच आहे," मावशी म्हणाल्या.

धाकटा दीर कुंपणापाशी येऊन उभा राहिला. दोघांचं कुरण सामाईक होतं, आणि चार वर्षं त्यावरून दोघांत बोलणं बंद होतं. म्हणजे एकमेकांना ऐकू जाईल असं दुसऱ्याशी बोलायचं.

"त्यांना सांगा," दीर बाईंना म्हणाला, "मेंढरं गेली तर कुरण माझं. तेव्हा हे मीच केलं असणार, नाही का? लिहून घ्या."

"केलंत?"

"आमच्या वहिनी मेंढी विकायची तर स्वतः चालवत नेतात. रस्ताभर तिच्याशी गप्पा मारतात. ती मेली ती मेंढी गाडीतून आली होती, बाजारात विचारा." एवढं बोलून तो निघून गेला.

मावशींनी त्याच्या पाठीकडे पाहत नाक मुरडलं. "चार वर्षांत पहिल्यांदा बरं बोलला."

"आणि डॉक्टर कसे आहेत?"

"डॉक्टर? देवमाणूस हो. काल इथे बसून डोळे पुसत होते माझ्यासाठी. पण हात सुरुवातीला भारी कच्चा! पहिल्यांदा बिल्ले मारायला आले, तेव्हा मेंढीने झटका दिला आणि पक्कड बसली यांच्याच अंगठ्यात. आम्ही हसलो, ते रडले." मावशी आठवून पुन्हा हसल्या. "आता मात्र डोळे झाकून मारतात. रक्ताचा थेंब येत नाही."

शुक्रवारी सकाळी बाई बाजारात गेल्या. दलालाला सगळे साखऱ्या म्हणत, कारण तो शिवीसुद्धा गोड आवाजात द्यायचा.

"बाई, मी मेंढीचं तोंड बघत नाही, कागद बघतो," साखऱ्या म्हणाला. "गाडी आली, अकरा मेंढ्या उतरल्या. कागदावर तुमच्या मावशींचं नाव, बरोबर डॉक्टरांचा निरोगी असल्याचा दाखला. मग मी कशाला शंका घेऊ?"

"मावशी तर स्वतः चालवत आणतात म्हणे मेंढ्या."

साखऱ्याचं हसू थोडं पातळ झालं. "हं. ते खरं आहे. आणि मला आधी दहा शिव्या घालतात. त्या दिवशी शिव्या नव्हत्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"बाकीच्या दहा मेंढ्या?"

"त्या तर गेल्या, बाई. कत्तलखान्यात. सोमवारीच."

४

ऑफिसात परतल्यावर बाईंनी कोल्डरूमची परवानगी मागितली.

"नाही," साहेब म्हणाले. "फाइल बंद झाली."

"मुंडकं उद्या जाळणार. एकदा बघते."

"डॉक्टरांनी बघितलंय. रिपोर्ट आहे. तुम्हाला दुसऱ्यांदा जिन्याखाली बसवायला आता जिनाही शिल्लक नाही, लक्षात ठेवा."

बाईंनी लक्षात ठेवलं आणि सरळ कोल्डरूमकडे गेल्या. दारावरच्या रखवालदाराला त्यांनी ओळखपत्र दाखवलं, रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कारण लिहिलं, आणि परवानगीच्या रकान्यात लिहिलं: "मागितली, नाकारली, तरी आले."

रखवालदाराने ते दोनदा वाचलं. "असं चालतं?"

"आजपासून चालतं," बाई म्हणाल्या.

आत दिव्याखाली स्टीलच्या ट्रेमध्ये मुंडकं होतं. बाईंनी हातमोजे चढवले आणि आधी ओठ वर केला. मोठे दात चार. बाजूचे चार अजून दुधाचे, बारीक, कोकरासारखे. ही मेंढी फार तर अडीच वर्षांची होती. पाच वर्षांपूर्वी ती जन्मलीच नव्हती.

मग कान. बिल्ले नवेकोरे, आकडे काळेभोर. पण जागा विचित्र होती. बिल्ला कानाच्या मधोमध, शिरा चुकवून मारतात. इथे तो पार खालच्या कडेला होता. कडेचा बिल्ला फाटून पडतो, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. नवख्याचं काम म्हणावं, तर शीर कुठेच दुखावलेली नव्हती, आणि दोन्ही कानांत तीच जागा, अगदी मोजून मापून.

बाईंनी बिल्ला हलकेच फिरवला. खाली, कानाच्या कडेला, चंद्रकोरीसारखी एक खाच निघाली. जुनी, भरून आलेली, मालक आपली खूण म्हणून कापतात तशी. बिल्ल्याच्या पाठीने बरोबर झाकली जाईल अशी. आणि वर, जिथे बिल्ला असायला हवा होता, तिथे एक रिकामं, गुळगुळीत भोक. दुसऱ्या कानातही तसंच.

हिचा आधीचा बिल्ला कुणीतरी कापून काढला होता.

बाईंनी रिपोर्टची प्रत उघडली. "वय पाच वर्षे. मोठे दात आठ. कानांवर इतर खूण नाही."

"बाई?" मागून शांत आवाज आला. "एवढ्या थंडीत काय करताय?"

दारात डॉक्टर उभे होते.

५

डॉक्टर पन्नाशीचे, मऊ बोलणारे. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेले. त्यांनी वाकून तोंडात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा. चार दात! बाई, माझी चूक. साहेबांनी इतकी घाई केली की वय मी कागदावरूनच उतरवलं. तोंड उघडून बघितलंच नाही." ते आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "साहेबांना एवढी घाई का होती, हा प्रश्न मलाही पडलाय. दुबार बिल्ल्यांची मंजुरी तेच देतात. मी काही म्हणत नाही हं."

खरोखरच साहेबांना घाई होती. मंजुरीवर सही त्यांचीच होती. आणि मेंढपाळीण अंगठाच उठवणार, असं छातीठोकपणे साहेबच म्हणाले होते. बाई जिन्याखाली येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या मनात साहेबांवर जवळजवळ शिक्का बसला होता.

पण बाई मनातल्या शिक्क्यावर सही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी दुबार बिल्ल्यांचे गेल्या वर्षीचे सगळे अर्ज मागवले. एकेचाळीस निघाले. अकरा मेंढपाळांच्या नावाने, दोन महिन्यांतले. सगळ्यांवर अंगठे. रजिस्टरला मेंढ्या सगळ्या जिवंत, जन्मतारखा सगळ्या अचूक.

बाईंनी पहिल्या अंगठ्यावर भिंग धरलं. मधोमध एक तिरपा पांढरा पट्टा होता, जिथे शाई लागलीच नव्हती. दुसऱ्यावर भिंग धरलं. तिरपा पट्टा. तिसऱ्यावर, नवव्यावर, एकेचाळिसाव्यावर.

अकरा माणसं, आणि अंगठा एकच.

त्यांनी साखऱ्याला फोन लावला. "कानाच्या खालच्या कडेला चंद्रकोरीची खाच. कुणाची?"

साखऱ्या पहिल्यांदाच कडू आवाजात बोलला. "टेकडीवरच्या फार्मची. तीन हजार मेंढ्या आहेत तिथे. बाई, माझं नाव घालू नका यात."

"घालणार," बाई म्हणाल्या. "उद्या दहाला मावशींकडे या. तिथे सांगायचं."

६

शनिवारी दहाला पंधरा कमी असताना कळप संपवणाऱ्यांची गाडी उताराला लागली आणि फाटकाशी थांबली. फाटकात ट्रॅक्टर आडवा लावलेला होता. वर दीर बसला होता, चावी शर्टाच्या खिशात, हाताची घडी.

"बाजूला घ्या!" साहेब ओरडले.

"बंद पडलाय," दीर म्हणाला.

"कधी?"

"तुमची गाडी दिसली तेव्हा."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलल्या. "भाऊजी, पाणी पाहिजे का?"

"नंतर, वहिनी."

बाई पुढे आल्या. एका हातात अर्जांची चळत, दुसऱ्या हातात शाईचा पॅड. "साहेब, यादी तयार आहे. पण एकही मेंढी इथून हलणार नाही. आपल्याच नियमांत पहिलं कलम आहे: जनावराची ओळख पटली पाहिजे. बिल्ला हा ओळखीचा पुरावा असतो. दात, खाच आणि भोकं दुसरंच सांगत असतील, तर बिल्ला खोटा. मेलेली मेंढी अडीच वर्षांची होती, आधी दुसऱ्या बिल्ल्याची होती आणि तिच्या कानावर टेकडीवरच्या फार्मची खाच आहे."

साखऱ्याने मान खाली घालूनच होकार दिला. "आहे. मी ओळखतो ती खाच."

डॉक्टरांचा चेहरा व्याकूळ झाला. "मी कालच बाईंना म्हणालो, साहेबांनी घाई केली..."

"मी?" साहेब लाल झाले. "रिपोर्ट बुधवारीच टेबलावर आणून कोणी दिला? मी तर सोमवारपर्यंत मुदत दिली होती!"

"तेच मला विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "टेकडीवर रोग शिरला. नियमाने तिथल्या तीन हजार मेंढ्या जाणार. म्हणून ज्या आजारी दिसायला लागल्या त्या दुसऱ्यांच्या नंबरावर कत्तलखान्यात पोचवायच्या, असं ठरलं. त्याला कोण लागेल? अकरा कळपांतल्या मेंढ्यांचे नंबर आणि जन्मतारखा माहीत असलेला माणूस. त्या ऑफिसात असतात, लसीच्या वहीतही असतात. शीर न दुखावता कडेला बिल्ला मारू शकणारा माणूस. निरोगी असल्याचा दाखला देणारा माणूस. इथपर्यंत मी म्हटलं, एकाहून जास्त असतील. पण त्या मेंढीचं मुंडकं कापून, मेंदू काढून तपासायला पाठवणारा एकच आहे. डॉक्टर, जबडा धरल्याशिवाय कवटी उघडता येते? तुम्ही तोंड बघितलं नाहीत, हे मी मानलं असतं. कान बघितले नाहीत, हेही मानलं असतं. पण तोंडातही चूक, कानातही चूक, आणि दोन्ही चुका मावशींच्याच विरुद्ध?"

"मी कशाला अंगठा उठवेन यांच्या नावाने?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज अजून मऊच होता. "यांना सही येते, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या वहीत आहे."

"हो. त्यावर मी कालची अख्खी रात्र अडकले होते," बाई म्हणाल्या. "पण अकरा जणांच्या सह्या गिरवणं अवघड, आणि अंगठा एक पुरतो. मावशी सही करतात हे तुम्हाला माहीत होतं. ऑफिसला माहीत नव्हतं, आणि ऑफिस कधी विचारणार नाही, हेही तुम्हाला माहीत होतं. मेंढपाळीण आहे, अंगठाच उठवणार." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नजर खाली वळवली.

बाईंनी पॅड उघडून गाडीच्या बोनेटवर ठेवला. "सगळ्यांनी अंगठा द्यायचा. साहेब, तुम्हीसुद्धा."

मावशी आधी आल्या. "आयुष्यात परत उठवणार नव्हते. आज उठवते." साखऱ्याने दिला. दिराने ट्रॅक्टरवरून वाकून दिला. साहेबांनी क्षणभर थांबून, दात खात, दिला. बाईंनी एकेका अंगठ्यावर भिंग धरलं. तिरपा पट्टा कुठेच नव्हता.

डॉक्टर हातमोजे घातलेले हात पोटाशी धरून उभे होते.

"काढा की, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. आवाज ओरडण्याचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "ती पक्कड माझ्याच अंगणात बसली होती तुम्हाला. हळद मीच लावली होती. तो वण मला बघायची गरज नाही. या सगळ्यांना बघू द्या."

डॉक्टरांनी हातमोजा काढला नाही. ते कळप संपवायला आलेल्या गाडीच्या पायरीवर खाली बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "टेकडीवर माझी भागीदारी आहे. मला वाटलं, पाच-सहा महिन्यांत रोग निघून जाईल. ती मेंढी बाजाराच्या फाटकातच पडेल असं वाटलं नव्हतं."

"आणि माझ्या शहाऐंशी?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरांनी हातमोज्यातला अंगठा मुठीत दडवला.

साहेबांनी गाडीवाल्यांना हात केला. गाडी उलटी वळली आणि टेकडीच्या रस्त्याला लागली. दिराने खिशातून चावी काढली. ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात सुरू झाला.

७

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोमवारी ऑफिसातून दोन कागद निघाले.

पहिला बाईंच्या नावाने. परवानगीशिवाय कोल्डरूममध्ये गेल्याबद्दल खुलासा करावा. दुसरा फळ्यावर लावला: मावशींचा कळप मोकळा. बाकीच्या दहा मेंढपाळांचे नंबर मात्र चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगित. स्थगित म्हणजे ती जनावरं विकायची नाहीत, हलवायची नाहीत, रस्ता ओलांडून चरायलाही न्यायची नाहीत. चौकशीला मुदत लिहिलेली नव्हती.

बाईंनी फोन करून मावशींना आनंदाची बातमी दिली आणि मग दुसरीही दिली.

"मी सुटले, आणि ज्यांचा अंगठाही कुणी दुसऱ्यानेच उठवला ते अडकले?"

"हो."

"तुमच्या ऑफिसचं आवार केवढं आहे हो, बाई?"

मंगळवारी अकरा वाजता जिन्याखाली बसलेल्या बाईंना वरची-खालची पावलं ओळखू येईनात, कारण पावलं हजारो होती. त्या बाहेर आल्या. मावशी शहाऐंशी मेंढ्या घेऊन फाटकातून आत येत होत्या. मागे दीर. त्याच्यामागे बाकीचे दहा जण, आपापले कळप घेऊन, स्थगितीचा कागद असूनही रस्ता ओलांडून आलेले. फुलांच्या कुंड्या पाच मिनिटांत साफ झाल्या. एक बोकड साहेबांच्या गाडीवर चढून उभा राहिला.

साहेब खिडकीतून ओरडले, "हा कायद्याचा भंग आहे! एकेकाचे नंबर लिहून घ्या!"

"लिहा ना," मावशी म्हणाल्या. "त्यासाठीच आणलीत. खाली या, प्रत्येकीचा कान धरा, दात बघा. खरी असेल तर तसं कागदावर लिहून द्या. आज. इथेच. आम्हाला घाई नाही."

"बाई!" साहेबांनी भिंगवालीला हाक मारली. "यांना फाटकाबाहेर काढा!"

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. मग त्या चालत गेल्या, फाटक नीट लावून घेतलं, कडी घातली आणि गळ्यातलं भिंग पुसत परत आल्या. खुलाशाचा कागद खिशातच होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी रेघ मारली: नंबर, दात, खाच, शेरा. पहिल्या मेंढीचा कान धरला आणि आकडा मोठ्याने वाचला.

दुसरा आकडा वाचायला साखऱ्या पुढे आला. तो केव्हा आला, कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्याला वरच्या मजल्यावरचा टायपिस्ट खाली उतरला. मग रखवालदार. चारच्या सुमारास जिन्यावर जड पावलं वाजली आणि साहेब स्वतः खाली आले, बाह्या वर करून, कुणाकडेही न बघता. एका मेंढीचा ओठ वर करायला गेले तर ती त्यांच्या बुटांवर पाय देऊन उभी राहिली.

"हिचे दात किती?" मावशींनी विचारलं.

साहेब वाकले. "सहा."

"मोठ्याने सांगा, साहेब. मागे ऐकू जात नाही."